वऱ्हाडच्या पऱ्हाटीचं कूळ शोधणारा इंग्रज: सर जोसेफ हचिन्सन यांची गोष्ट

अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा, पऱ्हाटी किती तऱ्हेची असते? तो दोन बोटं दाखवेल. एक देशी आणि एक अमेरिकन. देशीचं बोंड छोटं, धागा आखूड, पण पाऊस लांबला तरी झाड तग धरतं. अमेरिकनचं बोंड मोठं, धागा लांब, भाव बरा, पण तिला खताचे आणि फवारणीचे लाड लागतात.

मग एक प्रश्न कुणालाही सुचतो. या दोघींचा संकर केला तर? देशीचा काटकपणा आणि अमेरिकनचा धागा एकाच झाडावर आला तर कोरडवाहू शेतकऱ्याला आणखी काय हवं?

हा प्रयोग अनेकांनी केलाय. बहुतेक वेळा कोवळं बोंडच गळून पडतं. क्वचित एखादं बी रुजतं, झाड उभं राहतं, जोमानं फुलतंही, पण त्याला सरकी धरत नाही. झाड धडधाकट, पण वांझ.

असं का होतं, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी कुणाकडेच नव्हतं. ते शेतात सापडणारंही नव्हतं, कारण ते पऱ्हाटीच्या पेशीत दडलेलं होतं. जगभरातल्या कापसांचं नातं एकमेकांशी काय, कोण कुणाचं भावंडं आणि कोण कुणाचं कुणीच नाही, हे ज्या मोजक्या लोकांनी लावून दाखवलं त्यात सर जोसेफ हचिन्सन यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. आणि या कामाचा मोठा भाग त्यांनी केला तो वऱ्हाडाच्या शेजारी, इंदूरला.

शेतकऱ्याच्या घरातला शास्त्रज्ञ

जोसेफ बर्ट हचिन्सन यांचा जन्म १९०२ सालचा, इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायरच्या बर्टन लॅटिमर गावातला. घर क्वेकर पंथाचं आणि शेती करणारं. शिक्षण केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात झालं, तिथून ते गेले वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर. तिथे उष्ण प्रदेशातल्या शेतीचं कॉलेज होतं आणि लवकरच कापसाचं संशोधन केंद्रही सुरू झालं. हे केंद्र चालवणाऱ्या संस्थेचं नाव होतं एम्पायर कॉटन ग्रोइंग कॉर्पोरेशन. नावातच सगळं आलं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेच्या कापसावर विसंबून राहायचं नव्हतं, त्यामुळे साम्राज्यात जिथे जमेल तिथे चांगला कापूस पिकवायचा होता. १९२६ पासून हचिन्सन तिथे कापसाच्या आनुवंशिकतेवर काम करू लागले. त्यांचे वरिष्ठ होते सिडनी हार्लंड, कापसाच्या जनुकशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव.

सात वर्षांनी, १९३३ मध्ये, हचिन्सन इंदूरला आले.

इंदूरला का? इथे थोडं मागे जावं लागेल. १९२१ मध्ये भारत सरकारनं इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी नेमली. कापसावर उपकर बसवून त्या पैशातून संशोधन करायचं, असा बेत होता. या पैशातून मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रप्रयोगशाळा उभी राहिली आणि इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. इंदूरच्या संस्थेचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' जगाला देणारे ते हेच. सेंद्रिय शेतीवाले आजही त्यांचं नाव घेतात. हॉवर्ड १९३१ मध्ये परत गेले आणि दोन वर्षांनी हचिन्सन तिथे आले ते कापसाचे जनुकशास्त्रज्ञ म्हणून. सातपुड्याच्या पलीकडचा माळवा आणि अलीकडचा वऱ्हाड, दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच बेभरवशाचा पाऊस आणि बऱ्याच अंशी त्याच घराण्यातला देशी कापूस.

रोझियम, व्हेरम आणि नावांचा गोंधळ

तेव्हाच्या वऱ्हाडात कापूस म्हणजे काय होता, हे समजल्याशिवाय हचिन्सन यांच्या कामाचं मोल कळत नाही.

जुन्या काळी वऱ्हाडच्या बाजारात दोन नावं चालायची, बनी आणि जरी. बनीचा धागा लांब आणि मऊ, पण एकरी उत्पादन कमी आणि रुईचा उतारा त्याहून कमी. जरीचा धागा आखूड आणि जाडाभरडा, पण झाड दणकट आणि रुई भरपूर. जिनिंगवाल्याला आणि शेतकऱ्याला हवी होती रुई, गिरणीला हवा होता धागा. लांब धाग्याला जास्तीचा भाव पुरेसा मिळत नसेल तर शेतकरी बनी का लावेल? त्यानं लावली नाही. वऱ्हाडातून बनी हळूहळू मागे पडली. शेतकरी अडाणी म्हणून त्यानं चांगला कापूस सोडला, असं त्या काळच्या काही अहवालांतून सूचित होतं. खरं तर हिशोब त्याला अहवाल लिहिणाऱ्यांपेक्षा नीट कळत होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या शेती खात्यानं शेतातल्या सरमिसळ कापसातून एक पांढऱ्या फुलाचा प्रकार निवडला. धागा आखूडच, पण रुईचा उतारा इतका चांगला की तो शेतकऱ्यांत झपाट्यानं पसरला. त्याचं नाव रोझियम. पुढे जरा लांब धाग्याचा, पिवळ्या फुलाचा व्हेरम आला. अकोल्याच्या शेती केंद्रातून व्हेरमचे निवडक वाण निघाले.

आता ही नावं वऱ्हाडी नाहीत, हे उघड आहे. ती लॅटिन आहेत. त्या वेळच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेतात दिसणाऱ्या प्रत्येक वेगळ्या झाडाला लॅटिन नाव देऊन टाकलं होतं. पिवळं फूल आणि अरुंद पान दिसलं की एक नाव, पिवळं फूल आणि रुंद पान दिसलं की दुसरं, पांढऱ्या फुलाला तिसरं. पुण्यात गॅमी यांनी भारतीय कापसांची अशी यादी केली होती, जॉर्ज वॉट यांनी १९०७ मध्ये जगभरच्या कापसांचा जाडजूड ग्रंथ काढला होता. झाडं बारकाईनं पाहिलेली होती, त्यात शंकाच नाही. पण एकाच आईच्या गोऱ्या आणि सावळ्या मुलांना दोन आडनावं देण्यासारखा हा प्रकार होता.

हचिन्सन यांनी हा गुंता जनुकांच्या बाजूनं सोडवायला घेतला.

आज डीएनए मार्कर हा शब्द आपण सहज वापरतो. मार्कर म्हणजे खूण, आई-बापाकडून मुलाकडे कुठला तुकडा आला हे ओळखता येईल अशी कोणतीही खूण. १९३३ मध्ये डीएनए वाचता येत नव्हता, म्हणून शास्त्रज्ञ डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा वापरायचे. पाकळीचा रंग पिवळा की पांढरा. पाकळीच्या तळाशी लाल ठिपका आहे की नाही. पानाची बोटं अरुंद की रुंद. खोडावर लाली किती. सरकीवर लव आहे की ती गुळगुळीत. दोन झाडांचा संकर करायचा, पुढच्या दोन-तीन पिढ्या लावायच्या आणि कोणती खूण किती झाडांत उतरली हे मोजत बसायचं. देशी कापसाच्या पानांवर कानपूरला लीक यांनी असं काम आधी केलं होतं. हचिन्सन यांनी ते पुढे नेलं आणि त्याला जोड दिली ती बियाण्याच्या मोठ्या संग्रहाची. ठिकठिकाणचे कापूस एकत्र लावले की जमिनीमुळे आणि हवामानामुळे पडणारा फरक गळून जातो. उरतो तो रक्ताचा फरक.

यातून निघालेलं चित्र साधं होतं. फुलाचा रंग, पानाचा आकार यांसारख्या खुणा एखाद-दुसऱ्या जनुकानं बदलतात. त्यावरून जात ठरवता येत नाही. हचिन्सन आणि त्यांचे सहकारी घोष यांनी १९३७ मध्ये आशिया आणि आफ्रिकेतल्या कापसांचं नवं वर्गीकरण छापलं. त्यात जुन्या लॅटिन नावांची गर्दी हटली आणि लागवडीखालच्या जाती उरल्या फक्त दोन, आर्बोरियम आणि हर्बेशियम. हर्बेशियम गुजरात आणि कर्नाटकातला. आपल्याकडचा बहुतेक देशी कापूस आर्बोरियम. वऱ्हाडचे रोझियम आणि व्हेरम ही वेगळी कुळं नव्हेतच. ती आर्बोरियमच्या बंगालेन्स नावाच्या एकाच घराण्यातली भावंडं. मराठवाड्याची गावरानी आणि जुनी बनी इंडिकम या चुलत घराण्यातली.

आर्बोरियम या शब्दाचा अर्थ झाडासारखा. वऱ्हाडची पऱ्हाटी तर कमरेएवढी आणि वर्षभरात उपटून टाकायची. मग हे नाव कसं? देवळाच्या आवारात वातींसाठी लावलेला, वर्षानुवर्षं टिकणारा लाल फुलांचा देवकापूस पाहिलाय का? तो आर्बोरियमच. हचिन्सन यांचं म्हणणं होतं की कापूस मुळात असा बहुवर्षायू होता. माणसानं लवकर फुलणारी झाडं निवडत निवडत त्याला एका हंगामाचं पीक बनवलं. माटुंग्याच्या प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी मोहेंजोदारोला सापडलेला धागा तपासला होता आणि तो देशी कापसाशी जुळणारा निघाला होता. म्हणजे ही निवड इथे किमान चार हजार वर्षं चालू होती.

या वर्गीकरणाचा शेतकऱ्याला उपयोग काय? जे भाऊबंद आहेत त्यांचा संकर बिनघोर करता येतो. गावरानीचा धागा आणि रोझियमचा उतारा एकत्र आणायला निसर्गाची आडकाठी नाही. आर्बोरियम आणि हर्बेशियम यांचा संकर पहिल्या पिढीत छान दिसतो, पण दुसऱ्या पिढीत निम्मीअधिक कसर निघते, झाडं खुरटतात. आणि अमेरिकन कापसाशी? तिथे भिंत आहे.

२६, ५२ आणि मधले ३९

ही भिंत पाहायची तर पऱ्हाटीची कोवळी पाती घ्यावी लागते. फूल उमलण्याच्या बरंच आधी, पातीच्या आत परागकण तयार होत असताना. त्यातले परागकोश काढून, काचपट्टीवर दाबून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली ठेवले की गुणसूत्रं दिसतात. ठिपके आणि आखूड काड्यांसारखी, जोड्या लावून उभी.

१९२०च्या दशकात रशियन आणि ब्रिटिश संशोधकांनी ती मोजली. देशी कापसात २६ गुणसूत्रं, म्हणजे १३ जोड्या. अमेरिकन कापसात बरोबर दुप्पट, ५२.

दुप्पट का, याचा धागा १९३४ मध्ये डॅनिश संशोधक स्कोव्हस्टेड यांच्या हाती लागला. अमेरिकन कापसाची गुणसूत्रं एका मापाची नव्हती. १३ जोड्या मोठ्या, १३ जोड्या लहान. मोठ्या जोड्या देशी कापसाच्या गुणसूत्रांसारख्या. लहान जोड्या अमेरिकेत उगवणाऱ्या, बिनकामाच्या मानल्या गेलेल्या रानटी कापसांच्या गुणसूत्रांसारख्या. म्हणजे अमेरिकन कापूस हा स्वतःच एक जुना संकर होता. एका बाजूनं देशीच्या कुळातला पूर्वज, दुसऱ्या बाजूनं अमेरिकेतला रानटी कापूस, आणि दोघांचे पूर्ण संच एकाच झाडात.

आता देशी आणि अमेरिकन यांचा संकर वांझ का, हे उलगडतं. देशीकडून १३ गुणसूत्रं येतात, अमेरिकनकडून २६. एकूण ३९. पराग तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार लागतो. देशीची १३ आणि अमेरिकनमधली मोठी १३ एकमेकांना कशीबशी ओळखतात. उरलेली १३ लहान गुणसूत्रं एकटी पडतात, कुठेही भरकटतात. हिशोब जुळत नाही, पराग पोकळ निघतो आणि सरकी धरत नाही.

१९४० मध्ये टेक्सासमध्ये बीझली आणि पेरूला गेलेले हार्लंड यांनी वेगवेगळं काम करून हे सिद्धच केलं. देशी आर्बोरियम आणि अमेरिकेतला रानटी थर्बेरी यांचा संकर त्यांनी केला आणि कोल्चिसिन या औषधानं त्याची गुणसूत्रं दुप्पट केली. जे झाड आलं ते ५२ गुणसूत्रांचं होतं आणि अमेरिकन कापसाशी त्याचा संकर झाला. निसर्गानं केलेली गोष्ट प्रयोगशाळेत पुन्हा घडवली. बीझली यांचं काम मात्र तिथेच थांबलं, ते दुसऱ्या महायुद्धात मारले गेले.

जिथे हचिन्सन चुकले

१९३७ मध्ये हचिन्सन त्रिनिदादला परतले. इंदूरच्या चार वर्षांत वर्गीकरणाखेरीज आणखी एक काम झालं होतं. विनायक गोविंद पानसे या मराठी संख्याशास्त्रज्ञासोबत त्यांनी वाणांची निवड करायची पद्धत बसवली. शेताचा एक कोपरा सुपीक, दुसरा भरड, अशा वेळी झाड चांगलं की नुसती जागा चांगली, हे ओळखायचं कसं? एकाच झाडाच्या संततीच्या ओळी शेतात वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा लावायच्या आणि आकडेमोडीनं फरक वेगळा काढायचा. पानसे पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे सांख्यिकी सल्लागार झाले. पां. वा. सुखात्मे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं शेतीच्या संख्याशास्त्राचं १९५४ चं पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं.

१९४७ मध्ये हचिन्सन, सिलो आणि स्टीफन्स या तिघांनी कापसाच्या उत्क्रांतीवरचं पुस्तक काढलं. कापसावर काम करणारा आजही या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही. पण त्यातलं सर्वात गाजलेलं अनुमान चुकीचं निघालं.

प्रश्न असा होता. देशीच्या कुळातला पूर्वज आशिया-आफ्रिकेतला. रानटी जोडीदार अमेरिकेतला. मधे अख्खा महासागर. मग दोघं भेटले कुठे? तिघांनी उत्तर दिलं की प्राचीन काळी माणसांनीच आशियातून पॅसिफिक ओलांडून कापूस अमेरिकेत नेला असावा आणि संकर तिथे झाला. म्हणजे ५२ गुणसूत्रांचा कापूस अवघ्या काही हजार वर्षांचा.

कल्पना मोहक होती. पण त्याच सुमारास पेरूच्या किनाऱ्यावर उत्खननात खूप जुना कापूस निघाला. आणि पुढे डीएनए वाचता येऊ लागल्यावर घड्याळच हाती आलं. दोन कुळांच्या डीएनएमधले बदल मोजले तर संकर झाला सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा होडी वल्हवणारा माणूसच नव्हता. बी समुद्रातून वाहत गेलं, असं आता मानलं जातं. हरितलवकातला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यावरून या संकरात आई कोण होती तेही कळलं. मोठ्या गुणसूत्रांचा, देशीच्या कुळातला पूर्वज ही आई. बाप पेरूमधल्या रायमोंडी या रानटी कापसाचा नातलग. रायमोंडीचा संपूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये वाचला गेला, आर्बोरियमचा २०१४ मध्ये.

म्हणजे नातं बरोबर सांगितलं होतं, भेटीची वेळ चुकली. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आणि गुणसूत्रं यांनी कोण कुणाचं हे कळतं, केव्हाचं ते कळत नाही. त्यासाठी डीएनए लागला.

इंदूरनंतर

हचिन्सन १९४९ मध्ये युगांडात गेले आणि नामुलोंगेचं कापूस संशोधन केंद्र उभं केलं. १९५१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९५६ मध्ये सर हा किताब मिळाला, १९५७ ते १९६९ केंब्रिजला शेतीचे प्राध्यापक होते. भारत मात्र सुटला नाही. १९७४ मध्ये त्यांनी भारतीय उपखंडातल्या पिकांच्या विविधतेवर एक ग्रंथ संपादित केला. १९८८ मध्ये ते वारले.

तोवर वऱ्हाडचं शिवार बदलून गेलं होतं. फाळणीत सिंध आणि पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा पट्टा पाकिस्तानात गेला, गिरण्या इकडे राहिल्या. १९४७ मध्ये भारतातल्या कापसाखालच्या जमिनीपैकी सुमारे ९७ टक्के जमिनीवर देशी कापूस होता. नंतर अमेरिकन वाण आले, मग त्यांचे संकरित वाण, आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटीचं बियाणं निघालं ते अमेरिकन कापसात. आज वऱ्हाडात देशी शोधावी लागते.

यातला अडथळा नेमका हचिन्सन यांच्या पिढीनं दाखवलेला आहे. देशीत रस शोषणाऱ्या किडींना आणि उत्तर भारतात पानं मुरडणाऱ्या विषाणूला तोंड देण्याची ताकद आहे, पण ती ३९ च्या भिंतीपलीकडे आहे. भिंत अभेद्य नाही. सुदानमध्ये नाइट यांनी देशी आर्बोरियममधलं करपा रोगाला रोखणारं एक जनुक इजिप्शियन कापसात नेलं होतं. बीझली यांच्या त्रिसंकरातून अमेरिकेत मजबूत धाग्याचे वाण निघाले. पण प्रत्येक वेळी गुणसूत्रं दुप्पट करा, पुन्हा पुन्हा संकर करा, नको असलेले गुण गाळा, यात कित्येक वर्षं जातात. बियाणं विकणाऱ्या कंपनीला एवढा दम नसतो. हे काम सरकारी केंद्रांनीच करायचं आणि त्यांच्याकडे पैसा किती, हे सांगायला नको.

अकोल्यात १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ सुरू झालं, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे सुपुत्र आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळातले कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावानं. तिथल्या कापूस संशोधन विभागानं अमेरिकन वाण काढले तसे देशीचेही काढले. एकेए-५, एकेए-७, एकेए-८ ही त्यांची नावं. यांच्या वंशावळीत मागे मागे जात राहिलं तर वाट पोहोचते त्या घराण्यांपर्यंत, ज्यांना इंदूरच्या शेतात पाकळ्या आणि पानं मोजत हचिन्सन यांनी एका कुळात बसवलं होतं.